उंबरदरीचा ठराव

दलिचंद : म्हणजे धुळ्याला जाऊन तू अभिमनला भेटून आलीस, आणि मला ते आज सांगतेस.

ललिता : दोनदा गेले, नाना. पहिल्या खेपेला ते भेटलेच नाहीत. चार तास बाहेरच्या बाकावर बसून परत आले. दुसऱ्या खेपेला भेटले.

दलिचंद : कोणाला विचारून गेलीस?

ललिता : कोणाला विचारायचं होतं? आपल्या रक्ततपासणी केंद्राचे विश्वस्त सात. पाच देवाघरी गेले. राहिले तुम्ही, आणि कर्मचाऱ्यांतर्फे मी. तुम्हाला विचारलं असतं तर नको म्हणाला असतात.

दलिचंद : नकोच म्हणालो असतो.

ललिता : म्हणून नाही विचारलं. आधी पाणी घ्या. साक्रीहून इथवर येताना हाडं खिळखिळी होतात, त्यात तुमची ऐंशी उलटलेली.

दलिचंद : रस्ता असा का राहिला, ते तुला ठाऊक आहे.

ललिता : आहे.

दलिचंद : अभिमनच्या बापानं ठेवला तसा. नवीनभाऊ पुढाऱ्यानं. खालच्या पाड्यापर्यंत डांबर आलं आणि तिथून डावीकडे वळलं. का, तर उजवीकडे उंबरदरी, आणि उंबरदरीत आपलं केंद्र. आज त्याच घरात केंद्र जागेसकट देऊन टाकायचं, असा ठराव टाइप करून तू माझ्यापुढे ठेवतेस.

ललिता : मी नाही टाइप केला. त्यांच्या ऑफिसातून आलाय. बारा वाजता त्यांचा माणूस न्यायला येणार आहे.

दलिचंद : वेळसुद्धा त्यांनीच ठरवली तर.

ललिता : नाना, एकदा सगळं ऐका. मग फाडून टाका. मी हात धरणार नाही.

दलिचंद : ऐकतो. पण आधी माझं ऐक. नव्व्याण्णव साली नवीनभाऊ इथंच, या पडवीत येऊन बसले होते. चहा तूच आणलास.

ललिता : त्यांनी घेतला नाही. कप तसाच आत नेला मी.

दलिचंद : बोलणं मात्र गोड. म्हणाले, शेठ, संस्था चांगली आहे पण डोक्यावर छत्र नाही. आम्हाला अध्यक्ष करा, कोणी वाकड्या नजरेनं बघणार नाही. मी म्हणालो, भाऊ, तुम्ही अध्यक्ष झालात की तुमच्या गटाचे आजारी येतील आणि दुसऱ्या गटाचे घरीच मरतील. आमच्याकडे सगळे येतात, ते तसंच राहू द्या. हसले. चपला घातल्या आणि गेले.

ललिता : आणि महिन्याभरात विजेची लाइन तुटली ती आठ महिने जोडली गेली नाही. औषधाच्या बाटल्या आम्ही विहिरीत सोडून गार ठेवायचो.

दलिचंद : लाइन तुटली, रस्ता वळला. मग आवई उठली की रक्त तपासायच्या नावाखाली उंबरदरीत लोकांना बाटवतात. विश्वस्त कोण, तर मी. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात न घेणारा जैन माणूस. मी बाटवणार?

ललिता : इंगेबाई तर डोळे मिटून प्रार्थना करतानाही मी कधी पाहिली नाही. रविवारी धुणं धुवायची.

दलिचंद : पण केंद्र उभं करायला डेन्मार्कहून आलेली ना ती. गोरी कातडी. एवढं पुरलं. दोन वर्षांनी तिच्या व्हिसाचा अर्ज परत आला तो आलाच. वीस वर्षं इथं काढलेली बाई, दोन पेट्या घेऊन माझ्या गाडीत बसली. धुळ्याच्या स्टँडवर मी तिला सोडलं.

ललिता : मला सांगता होय, नाना? मला रक्ताची काच धरायला त्या बाईनं शिकवलं. ती गेली त्या दिवशी मी लॅबचं दार आतून लावून घेतलं होतं.

दलिचंद : मग त्या घरासमोर चार तास बसवलं कसं तुला?

ललिता : गरज होती म्हणून बसले. सांगते ना, ऐका. तुम्ही तेव्हा चुकलात असं मी कधी म्हटलेलं नाही.

दलिचंद : तू नाही म्हटलंस. मी म्हणतो, कधी कधी.

ललिता : तुम्ही?

दलिचंद : मागच्या महिन्यात मननबरोबर पहूरकडे एका लग्नाला गेलो होतो. नातू म्हणाला, आजोबा, लवकर आलोय, कुठं फिरायचंय का? मी म्हटलं, चल, आपल्या केंद्राच्या जुळ्या बहिणीला भेटू. त्याला कळेना.

ललिता : ती दवाखान्याची संस्था?

दलिचंद : तीच. आपल्याबरोबर, त्याच डेन्मार्कच्या मदतीतून उभी राहिलेली. एक्याऐंशी साल. त्यांनी पहिल्याच निवडणुकीनंतर एका पुढाऱ्याला अध्यक्ष करून टाकलं. आम्ही इकडे नाकं मुरडली. तर आता चार मजले झालेत. कॉलेज आहे, बाहेर पिवळ्या बसगाड्या उभ्या. मी दारावरच्या माणसाला विचारलं, बायकांचा वॉर्ड कुठल्या बाजूला? तो म्हणाला, बाबा, इथं वॉर्ड कधी होता?

ललिता : म्हणजे तेही गेलंच की.

दलिचंद : पण दिवे लागतात तिथं. माणसांची ये-जा आहे. मी तिथल्या पायरीवर बसलो आणि मला हेवा वाटला, ललिता. कशाचा वाटला ते अजून कळत नाही.

ललिता : आपल्याकडंही दिवे लागत होते. शनिवारी धुळ्याहून डॉक्टर यायचे तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. लोक आदल्या दिवशीच येऊन झोपायचे. नवापूरच्या बाजूनं यायचे, डांगातून यायचे.

दलिचंद : मी तांदळाची पोती घेऊन यायचो. दुकानात मला सगळे शेठ म्हणतात, घरात बाबूजी. इथं इंगेबाई म्हणायची, "दलिचंद, तुना हात रिकामा शे का? मंग ह्या बाटल्या धुई टाक." अहिराणीच शिकली ती, मराठी नाहीच. धुळ्याच्या कचेऱ्यांत कारकून हसायचे. मी बाटल्या धुवायचो. माझी बायको कुसुमलता गेली त्या वर्षी मी दुकानात कमी आणि इथं जास्त होतो.

ललिता : माहीत आहे. दुपारी तुम्ही त्या कोपऱ्यातल्या नळापाशी बसायचात. आम्ही कोणी काही बोलायचो नाही.

दलिचंद : तेच बरं वाटायचं. आणि हे सगळं कुठून बिघडलं सांगू? नवीनभाऊच्या आधी. अठ्ठ्याण्णव साली मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले. साक्रीच्या बाजारपेठेत फटाके लागले. मी माझ्या दुकानासमोर पेढे वाटले. अख्ख्या गल्लीला. छाती अशी फुगलेली. महिन्याभरात पत्र आलं, डेन्मार्क सरकारनं भारताला नवी मदत थांबवली.

ललिता : ते पत्र तुम्ही आम्हाला वाचून दाखवलं नव्हतं.

दलिचंद : कसं दाखवणार? माझ्याच हातचे पेढे खाल्लेले सगळ्यांनी. पुढं चार-पाच वर्षांनी आपल्याच सरकारनं सांगितलं, लहान देशांची मदत आता नको, आपण मोठे झालो. तेव्हाही मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू? आपला देश कोणापुढं हात पसरत नाही, याचं कोणाला बरं वाटणार नाही? फक्त उंबरदरीच्या पोरांना कोण बघणार, ते त्या सांगण्यात नव्हतं.

ललिता : तरी इंगेबाईच्या गावच्या मास्तर लोकांनी वीस वर्षं चालवलं.

दलिचंद : चालवलं. निवृत्त माणसं, आपापसात गोळा करून पाठवायची. मग दिल्लीहून पत्र, परदेशी देणगी घ्यायच्या परवानगीचं नूतनीकरण होणार नाही. कारण काही लिहिलेलं नाही. मी तीन अर्ज केले.

ललिता : चार.

दलिचंद : चार. तिकडं निवडणूक झाली की इथं परिणाम, इथं निवडणूक झाली की परत इथंच परिणाम. आपण दोघं काय करत होतो? काच पुसत होतो.

ललिता : आता माझं ऐकाल?

दलिचंद : बोल.

ललिता : तीन वर्षं झाली पगार बंद होऊन. मी रोज दार उघडते. गोळ्या तुम्ही घरून पाठवता. तुम्ही आहात तोवर येतील. पुढं? मनन पाठवेल?

दलिचंद : मनन पुण्याला जाणार आहे.

ललिता : तेच. सिकलसेलच्या सरकारी मोहिमेची गाडी येते, शाळेतल्या पोरांचं रक्त घेऊन जाते, कार्ड पाठवते. चांगलं काम आहे, मी नावं ठेवत नाही. पण ते कार्ड घेऊन बाया माझ्याकडंच येतात. ललिता, ह्यात काय लिहिलंय? मी सांगते, तुझ्या रक्तातल्या काही पेशी विळ्यासारख्या वाकतात, पाणी भरपूर पी, गोळी चुकवू नको, आणि पोरीचं लग्न ठरवताना मुलाचंही कार्ड बघ. हे सांगायला इथं कोणीतरी पाहिजे. त्या मोहिमेत इथली लॅब जोडून देतो म्हणाले अभिमनआप्पा. तंत्रज्ञाचं पद मंजूर होईल, गोळ्या सरकारातून येतील. बाकीच्या जागेत ते नर्सिंग कॉलेज काढणार.

दलिचंद : आणि नाव?

ललिता : त्यांच्या वडिलांचं. कै. नवीनभाऊ आरोग्य संकुल.

दलिचंद : मग मी सही करत नाही. आण तो कागद, मी फाडतो. मी मेल्यावर काय करायचं ते करा. मी जिवंत असताना त्या माणसाचं नाव या दारावर नाही लागणार. इंगेबाईला स्टँडवर सोडताना मी मनात बोललो होतो, इथं कोणा पुढाऱ्याला शिरू देणार नाही.

ललिता : बबलूची मोनाली तुम्हाला आठवते?

दलिचंद : नऊ वर्षांची. पिवळं कार्ड, आजाराचं. तिचं काय?

ललिता : पंधरा दिवसांपूर्वी तिला कळा सुरू झाल्या. गुडघे, कोपर, सगळे सांधे सुजलेले. नुसता हात लावला तरी किंचाळायची. मी पाणी पाजलं, गोळी दिली, उतार पडेना. अॅम्ब्युलन्स खालच्या पाड्यावर थांबली. वर येईना. बबलूनं मोटरसायकल काढली. पुढं तो, मागं मी, मधे मोनाली. डांबर लागेपर्यंत सहा किलोमीटर. प्रत्येक खड्ड्याला पोरगी ओरडत होती. नंतर नंतर ओरडायचीही थांबली. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दलिचंद : वाचली ना?

ललिता : वाचली. पण त्या सहा किलोमीटरांत माझ्या मनात काय आलं सांगू? हा रस्ता नवीनभाऊनं अडवला खरा. पण तुमच्या नकारावर अडवला, नाना. तुमचा नकार स्वच्छ होता. त्याच्यावरून ही पोरगी आपटत चाललीय. चुकले. बोलायला नको होतं.

दलिचंद : नाही. बोललीस ते बरं केलंस. इतकी वर्षं कोणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होतो बहुतेक. चष्मा दे माझा. वाचू दे.

ललिता : मी वाचून दाखवते की.

दलिचंद : नको. सही करायची की नाही ते नंतर, पण वाचणार मी स्वतः. पान पहिलं, जागा. दुसरं, इमारत. तिसरं... "प्रयोगशाळेत शासनमान्य पदविकाधारक तंत्रज्ञाची नेमणूक करण्यात येईल." ललिता, तुझ्याकडे पदविका कुठंय?

ललिता : नाही.

दलिचंद : म्हणजे हे पद तुझं नाही.

ललिता : नाही. इंगेबाईनं जाताना लिहून दिलेलं पत्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं. नीट घडी घालून दिलं, अपमान नाही केला.

दलिचंद : तेहेतीस वर्षं तू त्या भिंगाला डोळा लावून बसलीस. आणि स्वतःलाच काढून टाकायचा कागद घेऊन माझ्याकडं सही मागतेस?

ललिता : मी गेले तरी लॅब राहते. लॅब गेली तर मी राहून काय करू?

दलिचंद : हे मला सांगितलं का नाहीस?

ललिता : सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी नको म्हणाला असतात. तुम्हाला नको म्हणायला कारण पुरवायचं नव्हतं.

कस्तुरा : कोन उनं शे व, ललिता? शेठ का?

ललिता : नाना आलेत, आई. ये, बस. चढ चढून दम लागलाय तुला.

दलिचंद : राम राम, कस्तुराअक्का.

कस्तुरा : राम राम, शेठ. नागलीनी भाकर लयनी मी. चटनी बी शे. लसून नही टाका त्यामा, तुम्हले चालत नही ते माले याद शे. खाई ल्या.

दलिचंद : खातो. अक्का, तुमची मुलगी काय करून बसलीय, तुम्हाला सांगितलं का तिनं?

कस्तुरा : सांगं. नवीनभाऊना पोऱ्याले देनं शे म्हने.

दलिचंद : आणि तुम्हाला चालतंय?

कस्तुरा : माले काय इचारतस? माले कागदमधलं काय समजस? मी एक गोट सांगस. तुम्हले आर्धी मालूम शे, बठ्ठी मालूम नही.

दलिचंद : सांगा.

कस्तुरा : मनी धाकली पोर मरी गयी. मंग मना पोऱ्या सुका आजारी पडना. हात-पाय सुजेत त्याना, रातदिन रडे. गाव सांगे, कस्तुरा डाकीन शे, सोताना पोरे खाई टाकस. हीरवर माले पानी भरू देत नही. मना हातनं कोनी काही खाये नही. शेजारना पोऱ्या बी आजारी पडना, तवय तर माले मारी टाकाले निंघनात.

ललिता : मी बारा वर्षांची होते, नाना. दाराला पाठ लावून बसले होते आतून.

कस्तुरा : मंग इंगाबाई उनी. बैलगाडीमा दुर्बीन लयनी, चादरमा गुंडाळी. पारवर ठेवी. गावना बठ्ठा लोकेसनं रगत लिधं, बोटले सुई टोची. मनं लिधं, मना मालकनं लिधं, माले डाकीन सांगे त्यानं बी लिधं. सांगनी, आते देखा. लोके वाकी वाकी देखेत. मना रगतमा इळा. मालकना रगतमा बी इळा. आनि जो डाकीन सांगे, त्याना रगतमा बी तोच इळा. आर्धा गावना रगतमा इळाच इळा. तवय सुकाना बाप बोलना, मंग आर्धं गाव डाकीन शे का?

दलिचंद : मग?

कस्तुरा : दुसरा दिन मी हीरवर गयी. बाया बाजूले सरकन्यात, माले जागा दिधी.

दलिचंद : हे मला इंगेबाईनं कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली होती की गावानं तपासून घेतलं.

कस्तुरा : सुका मंग चार सालमा गयाच. पन तो आजारवरी गया. मी नही खादा त्याले.

दलिचंद : अक्का, पाटीवर नवीनभाऊचं नाव लागणार आहे.

कस्तुरा : लागू द्या. पाटी माले वाचता येस का? पन ती दुर्बीन आठे पाहिजे, शेठ. धुळाले गयी ते आमले कोन दखाडी? नुसता कागद उना ते गाव मानस नही. डोयाघाई देखं, तवय मानं.

दलिचंद : ललिता, साहित्याबद्दल काय लिहिलंय?

ललिता : चौथ्या पानावर. "सर्व साहित्य व उपकरणे प्रतिष्ठानच्या सोयीनुसार अन्यत्र हलविता येतील." प्रतिष्ठान म्हणजे त्यांचीच संस्था. मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, ते नंतर बघू.

दलिचंद : लाव त्याला फोन.

ललिता : आत्ता? नाना, ते मीटिंगमध्ये असतील.

दलिचंद : माझं नाव सांग. उचलेल. आणि आवाज मोठा कर, कानाशी धरून मला ऐकू येत नाही.

अभिमन : बोला, काका. नमस्कार करतो. किती वर्षांनी तुमचा आवाज.

दलिचंद : अभिमनभाऊ, ठराव माझ्यासमोर आहे. चौथं पान मला पसंत नाही.

अभिमन : काय आहे चौथ्यावर?

दलिचंद : मायक्रोस्कोप हलवायचं आहे त्यात. ते हलणार नाही. उंबरदरीत राहील. आणि गावातला कोणी म्हणाला की मला माझं रक्त बघायचंय, तर त्याला बघू द्यायचं. कोणत्याही गटाचा असो. मी हातानं लिहिणार आहे खाली.

अभिमन : काका, ते जुनं यंत्र. मी तिथं नवीन देतो, कॅमेऱ्याचं.

दलिचंद : नवीन द्या. पण जुनंही तिथंच ठेवा.

अभिमन : बरं, लिहा. एवढ्यासाठी मी तुमच्याशी वाद घालणार का? रस्त्याचंही सांगून ठेवतो, पावसाळ्याआधी उंबरदरीपर्यंत डांबर होईल.

दलिचंद : इतकी वर्षं होऊ शकलं नव्हतं ते?

अभिमन : मागणारं कोणी नव्हतं, काका.

दलिचंद : बरोबर आहे. आता ललिताचं सांगा.

अभिमन : त्यांचं काम मला ठाऊक आहे. पण पद सरकारी नियमानं भरावं लागतं, पदविका नसेल तर ऑडिटला अडकतं. मदतनीस म्हणून घेता येईल. कंत्राटी. तेवढं माझ्या हातात आहे.

दलिचंद : तेहेतीस वर्षांनी मदतनीस?

ललिता : चालेल, आप्पा. मला चालेल.

अभिमन : बघा. आता माझी एक विनंती, काका. नाही म्हणू नका.

दलिचंद : बोला.

अभिमन : भाऊंच्या मनाला लागलं होतं ते. शेवटच्या दुखण्यातही म्हणायचे, दलिचंदशेठनं मला पडवीतून परत पाठवलं. उद्घाटनाला त्यांच्या फोटोला पहिला हार तुम्ही घालायचा. सगळ्यांसमोर. आणि दोन शब्द बोलायचे.

दलिचंद : हार घालीन. शब्द नाहीत माझ्याकडं.

अभिमन : हार पुरे. बारा वाजता माणूस येतोय. जपून राहा, काका.

(फोन बंद होतो. कस्तुरा भाकरीचं फडकं सोडते.)

ललिता : नाना, राहू द्या. नका करू सही. हाराचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

दलिचंद : तू पदविकेचं मला कुठं सांगितलं होतंस? पेन दे.

ललिता : लोक बघतील. साक्रीची, धुळ्याची सगळी मंडळी येतील. तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात ते त्यांना माहीत आहे.

दलिचंद : बघू दे. रस्ता होणार म्हणाला, ऐकलंस ना? पावसाळ्याआधी. मोनालीला परत कळा आल्या तर गाडी दारापर्यंत येईल. एका फोनवर झालं, ललिता. पंचवीस वर्षं अडलेलं काम एका फोनवर. मी आधीच उचलला असता तर काय झालं असतं, हे आता मला रोज सुचत राहणार.

ललिता : आधी दिलं असतं तर पहूरसारखं झालं असतं.

दलिचंद : झालं असतं. किंवा नसतंही झालं. ते कोणाला सांगता येतंय? शाईचं पेन नाही का? बरं, हेच दे. "मायक्रोस्कोप उंबरदरीतच राहील..." नीट वाचता येतंय का बघ.

ललिता : येतंय. "गावातील कोणाही व्यक्तीस" असं लिहा.

दलिचंद : "...कोणाही व्यक्तीस स्वतःचे रक्त पाहण्याचा हक्क राहील." बास. ही माझी सही. आता तुझी.

ललिता : इथं?

दलिचंद : माझ्या खाली. शेवटची दोन नावं आहेत, नीट लिही.

कस्तुरा : व्हयनं का? मंग खाई ल्या आते. भाकर थंडी व्हई जास.

दलिचंद : खातो, अक्का. इंगेबाईला कळवावं लागेल. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे ती. अजून पत्रात विचारते, पाऊस पडना का?

ललिता : मी लिहीन. जसं झालं तसं लिहीन. तिला गोड करून लिहिलेलं ओळखू येतं.

दलिचंद : लिही. मदतनिसाला काय काम असतं गं?

ललिता : झाडणं, पाणी भरणं, कार्यक्रम असला की खुर्च्या मांडणं. अठराव्या वर्षी इथं आले तेव्हा तेच करत होते. आठ महिन्यांनी इंगेबाईनं पहिली काच हातात दिली.

दलिचंद : आता नवी मुलगी येईल पदविका घेऊन.

ललिता : येऊ दे. तिला पुस्तकातला विळा माहीत असेल. इथल्या बायांशी कसं बोलायचं ते मी सांगेन. तिनं ऐकलं तर.

दलिचंद : नाही ऐकलं तर?

ललिता : तर झाडता झाडता बायांशीच बोलेन. दाराशी बसलेल्याच असतात त्या.

दलिचंद : उद्घाटनाचा मांडव कुठं घालतील?

ललिता : इथंच अंगणात. दुसरी सपाट जागा कुठंय?

दलिचंद : मला पुढं सोफ्यावर बसवतील.

ललिता : बसवतीलच. अध्यक्षांच्या शेजारी.

दलिचंद : हार घालून झाला की मी मागं येऊन बसणार आहे. शेवटच्या ओळीत माझी एक खुर्ची मांडून ठेव. तिथून लॅबची खिडकी दिसते.